पायरी झालेले हैबतबाबा
(श्री हैबतबाबा आरफळकर यांचे अल्प चरित्र)

॥ श्री ॥

कार्तिक महिना उजाडला, भाताची कापणी उरकून खळ्यावर झोडणी सुरू झाली, की आपल्या खालापूर-कर्जत भागातील माणसाला दोन गोष्टींचे वेध लागतात. पहिली गोष्ट साजगावची यात्रा. खोपोलीजवळच्या साजगाव-ताकई येथील विठोबा हा आपल्या पंचक्रोशीचा विठोबा. कार्तिक शुद्ध एकादशीला तेथे यात्रा भरते आणि पुढे पंधरवडाभर ती गजबजलेली असते. सुक्या मासळीच्या मोठ्या बाजारामुळे लोकांनी त्या देवाला लाडाने बोंबल्या विठोबा असे नाव दिले. देहूचे तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून येथवर येत असत, अशी लोककथा आपल्याकडील वडीलधारी मंडळी आजही सांगतात.

दुसरी गोष्ट आळंदीची वारी. आषाढात पंढरपूरला जावे असे कोणाला वाटत नाही? परंतु आषाढ म्हणजे आपल्याकडे लावणीचा हंगाम. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्या वेळी शेत सोडता येत नाही. म्हणून कोकणातील वारकऱ्याने कार्तिकीची आळंदी जवळ केली. कार्तिक वद्य एकादशीला व त्रयोदशीला ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीचा सोहळा असतो. त्यासाठी दिंड्या बोरघाट चढून, लोणावळ्यावरून देहूला आणि तेथून आळंदीला जातात.

आता अडचण अशी, की मोहोपाड्याहून निघालेल्या वारकऱ्याला खोपोलीवरूनच घाट गाठावा लागतो. त्याच रस्त्यावर, त्याच पंधरवड्यात, साजगावच्या यात्रेची झुंबड असते. मग दिंडी कोणत्या तिथीला काढावी, पहिला मुक्काम कोठे करावा, म्हाताऱ्या माणसांना घाट कोणत्या वेळी चढवावा, शिधा कोणी न्यावा, गर्दीत चुकलेल्या माणसाला कोठे गाठावे, हे सारे प्रश्न उभे राहतात. भक्ती प्रत्येकाच्या मनात असते. शंभर माणसे एकत्र चालवायची म्हटली, की भक्तीबरोबर व्यवस्थाही लागते.

या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने फार मोठ्या प्रमाणावर शोधून ठेवले आहे. त्यांचे नाव हैबतबाबा आरफळकर. आळंदीहून पंढरीला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याची घडी त्यांनी घातली. लहानमोठ्या अनेक हातांनी गावाचे मंदिर पुन्हा उभे राहत असताना त्यांचे चरित्र आठवणे उचित आहे.

आरफळचे पवार

हैबतबाबांचे मूळ नाव हैबतराव बुवाजी पवार. सातारा जिल्ह्यातील आरफळ हे त्यांचे गाव, आणि त्या गावावरूनच पुढे आरफळकर हे नाव रूढ झाले. घराणे मराठ्यांचे, तलवार गाजवणारे. त्या काळी देशावरील मराठा घराण्यातील तरुण पराक्रमासाठी आणि पोटासाठी उत्तरेकडे जात असत. बडोद्यास गायकवाड, इंदूरला होळकर, ग्वाल्हेरला शिंदे अशी मराठ्यांची मोठमोठी दौलत होती, आणि तेथे शिपाईगिरी करणाऱ्यास वाव होता.

हैबतराव ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी राहिले. कर्तबगारीने ते सरदारकीला चढले. लष्करी जीवनातील शिस्त त्यांच्या अंगात मुरली. तंबू कसे ठोकावेत, कूच केव्हा करावे, पुढे कोणी चालावे, मागे कोणी राहावे, रसद कशी पोचवावी, हजारो माणसांचा तळ एका रात्रीत कसा उभा करावा आणि पहाटे कसा उठवावा, हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी केले. ही विद्या पुढे देवाच्या कामी येईल, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

तलवार हाती असली तरी मनाचा ओढा विठ्ठलाकडे होता. हरिपाठाचा नेम त्यांनी सोडला नव्हता.

सातपुड्यातील संकट

बरीच वर्षे चाकरी केल्यावर मिळवलेले धन बरोबर घेऊन हैबतराव आपल्या गावी परत निघाले. वाट सातपुड्याच्या डोंगरातून होती. परंपरेने सांगितली जाणारी हकीगत अशी, की डोंगरात लुटारूंच्या टोळीने त्यांना गाठले, जवळचे सर्व धन लुटले आणि त्यांना एका गुहेत कोंडून दारावर मोठी शिळा लावली.

सरदाराचा एका क्षणात कैदी झाला. धन गेले, शस्त्रे गेली, सोबती दुरावले. जवळ उरला तो फक्त हरिपाठ. त्या अंधाऱ्या गुहेत त्यांनी माउलींचा धावा मांडला आणि रात्रंदिवस हरिपाठाचे आवर्तन सुरू ठेवले. असे एकवीस दिवस गेले म्हणतात. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाच्या घरी मुलगा झाला. आनंदाच्या भरात त्याला कोंडलेल्या माणसाची आठवण झाली. शिळा सरकवून पाहतो तो आत क्षीण झालेला, परंतु नामात रंगलेला पुरुष दिसला. हा कोणी सामान्य माणूस नव्हे, अशी नायकाची खात्री पटली. त्याने हैबतरावांना सन्मानाने सोडले व लुटलेले धनही परत केले.

ही कथा प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. परंतु हैबतरावांच्या पुढील वागणुकीबद्दल दुमत नाही. गुहेतून बाहेर पडलेल्या त्या माणसाने आरफळची वाट धरली नाही. घरदार, शेतीवाडी, सरदारकीचा थाट या सर्वांकडे पाठ फिरवून ते थेट आळंदीस गेले. हा आपला पुनर्जन्म माउलींनी दिला आहे, तेव्हा उरलेले आयुष्य माउलींचे, असा त्यांचा निश्चय होता.

समाधीपाशी

आळंदीत हैबतरावांचे हैबतबाबा झाले. दिवसा सेवा आणि रात्री समाधीसमोर भजन हा त्यांचा नित्यक्रम. देवाची शेजारती झाली, दर्शनाला आलेले लोक पांगले, की बाबा वीणा घेऊन उभे राहत आणि रात्र बरीच सरेपर्यंत त्यांचे भजन चाले. ज्या माणसाने मोठमोठे तळ हलवले, तो आता इंद्रायणीच्या काठी एका समाधीपाशी स्थिर झाला.

हे स्थिर राहणे फार काळ टिकायचे नव्हते. वारकरी संप्रदायात त्या वेळी एक पेच निर्माण झाला होता, आणि त्याची झळ सामान्य वारकऱ्याला लागत होती.

एक पालखी, दोन संत

पंढरीची वारी ही फार जुनी. ज्ञानेश्वर महाराजांच्या आधीपासून ती चालत आली आहे. परंतु संतांच्या पादुका पालखीत घालून वारीला नेण्याची प्रथा देहूच्या नारायण महाराजांनी सुरू केली. नारायण महाराज हे तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव. इ. स. १६८५ मध्ये त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या. देहूहून निघून ते आळंदीला येत, तेथे ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका त्याच पालखीत घेत, आणि ज्ञानोबा-तुकोबांचा एकत्र गजर करीत पंढरीस जात. मागून चालणाऱ्याला आपण एकाच वेळी दोन्ही संतांच्या संगतीत आहोत असे वाटे. दीडशे वर्षांच्या आसपास हा क्रम चालला.

पुढे देहूकर वंशजांत पालखीच्या हक्कांवरून आणि मानपानावरून वाद निर्माण झाले. पालखी कोणी न्यावी, मान कोणाचा, उत्पन्न कोणाचे, असे प्रश्न निघू लागले. उत्सव म्हटला की मान आला आणि मान आला की भांडण आले, हा अनुभव आपल्या गावोगावच्या जत्रांतही नवा नाही. पालखीचा मान, पहिल्या नारळाचा मान, यावरून बंद पडलेले उत्सव प्रत्येक तालुक्यात सापडतील. अशा वेळी नुकसान भांडणाऱ्यांचे होत नाही. वर्षभर पैपैसा साठवून, डोक्यावर गाठोडे घेऊन निघालेल्या गरीब माणसाचे होते.

हैबतबाबांनी या वादात कोणाचीही बाजू घेतली नाही. त्यांनी वेगळा मार्ग काढला. ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांची स्वतंत्र पालखी आळंदीहून काढावयाची, असे त्यांनी ठरवले. इ. स. १८३२ च्या सुमारास हा स्वतंत्र सोहळा सुरू झाला. देहूची पालखी तिच्या वाटेने चालू राहिली, आळंदीची तिच्या वाटेने. आजही पुण्यात दोन्ही पालख्यांचा मुक्काम एकाच वेळी असतो. तेथून पुढे तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर या बाजूने आणि माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या बाजूने जाते. वाखरीला सर्व संत पुन्हा भेटतात. भांडणातून झालेली वाटणी अखेर सोयीची ठरली. एवढा जनसमुदाय एकाच रस्त्यावरील गावांच्या विहिरींवर आणि अंगणांत मावला नसता.

तिथीचे गणित

पंढरीच्या वारीत एक गोष्ट कोणाच्याही हाती नसते, ती म्हणजे पोचण्याचा दिवस. आषाढ शुद्ध एकादशी ठरलेली आहे. शुद्ध दशमीला पालखी पंढरपुरात दाखल झालीच पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर वारी चुकली, आणि चार दिवस आधी पोचले तर आधीच भरून गेलेल्या त्या गावात हजारो माणसांनी राहायचे कोठे आणि खायचे काय? एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांत पटकीची साथ वारंवार येई आणि यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव पसरे. गर्दीत वेळेवर जाणे आणि वेळेवर बाहेर पडणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

म्हणून हिशेब उलटा करावा लागतो. एकादशीपासून मागे मोजत यावे लागते. माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते. तेथून आषाढ शुद्ध दशमीपर्यंत सतरा तिथी, आणि वाट सुमारे २५० किलोमीटरांची. यात धट्टाकट्टा तरुण चालतो तसा सत्तरीचा म्हाताराही चालतो, म्हणून रोजची मजल बेताची हवी. मोठी मजल आली की पुढे विसावा हवा. पुणे ते सासवड हा सर्वांत अवघड टप्पा. दिवेघाटाची चढण त्याच दिवशी, आणि बहुधा त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपास. म्हणून पुण्याला दोन रात्री आणि सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. घाटाच्या अलीकडे विश्रांती आणि घाटाच्या पलीकडे विश्रांती, अशी ही योजना आहे.

शिवाय पंचांगात तिथीची वृद्धी होते, कधी क्षय होतो. ज्या वर्षी तिथी वाढते त्या वर्षी लोणंदसारख्या ठिकाणचा मुक्काम वाढतो, आणि तिथी घटली की तो कमी होतो. पोचण्याच्या दिवसाला मात्र धक्का लागत नाही. मुक्कामांच्या तपशिलात काळानुरूप बदल झाले आहेत, तरी वेळ आणि वाट यांची सांगड घालण्याची ही रीत बाबांनी बसवलेल्या घडीतूनच आली आहे.

शितोळे सरकारांचे औदार्य

नुसते गणित करून पालखी चालत नाही. त्याला साहित्य लागते. बाबांनी स्वतःचे धन माउलींना अर्पण केले होते, परंतु सोहळ्याला त्याहून अधिक आधार हवा होता. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीचे सरदार शितोळे यांनी तो दिला. हे घराणे ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी सोयरिकीने जोडलेले. त्यांनी पालखीसाठी तंबू दिला, घोडे दिले आणि माउलींच्या नैवेद्याची व्यवस्था केली.

शितोळे सरकारांच्या या दानातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सोहळ्यात अंकलीचे दोन घोडे असतात. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार बसतो. दुसऱ्या घोड्यावर कोणीच बसत नाही. तो माउलींचा घोडा. त्याच्या पाठीवर स्वतः ज्ञानेश्वर महाराज आरूढ आहेत, अशी वारकऱ्यांची भावना आहे. एवढे मोठे सरदार, परंतु दिलेल्या घोड्यावर बसण्याचा हक्क त्यांनी कधी सांगितला नाही. दरवर्षी हे घोडे अंकलीहून पायी चालत आळंदीला येतात. दिलेले दान पिढ्यान् पिढ्या पाळणे हे एकदा देण्यापेक्षा कठीण आहे, आणि या घराण्याने ते पाळले आहे.

द्रव्याबरोबर माणसेही जमली. खंडोजीबाबा वासकर, सुभानजी शेळके, आजरेकर अशा थोर वारकऱ्यांनी आपापल्या दिंड्या घेऊन बाबांना साथ दिली. ही मंडळी स्वतः फडांचे अधिकारी, मोठा शिष्यवर्ग असलेली. त्यांनी आपले मोठेपण बाजूला ठेवून एका ओळीत चालण्याचे मान्य केले, म्हणून सोहळा उभा राहिला.

चालण्याची रीत

लष्करात शिकलेली विद्या बाबांनी येथे कामी आणली. पहाटे तळावर कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला उठून आवराआवर करावयाची, तंबू-राहुट्या मोडावयाच्या. दुसऱ्या कर्ण्याला दिंड्यांनी रस्त्यावर आपापल्या जागी उभे राहावयाचे. तिसरा कर्णा झाला की पालखी हलते. लाखभर माणसांना हाक मारत फिरण्याची गरज पडत नाही.

प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली. काही दिंड्या माउलींच्या पुढे, काही मागे, आणि त्यांचा क्रम कायमचा. दिंडीतही प्रत्येकाची जागा आहे. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंगी, मध्ये विणेकरी, आणि मागे तुळशीवृंदावन व पाण्याचे हंडे डोक्यावर घेतलेल्या माताभगिनी. आपली जागा माहीत असलेला माणूस हरवत नाही. चुकला तरी आपल्या दिंडीचा क्रमांक सांगून तो परत येतो.

भजनालाही बाबांनी क्रम लावला. वारकऱ्यांत भजनी मालिका म्हणून जी मांडणी प्रसिद्ध आहे, तिचे श्रेय त्यांनाच दिले जाते. पहाटेचे मंगलाचरण, काकडा, भूपाळ्या, पुढे वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वारांचे अभंग, हरिपाठ, असा दिवसाच्या प्रहराप्रमाणे आणि वाटेतील प्रसंगाप्रमाणे अभंगांचा क्रम आहे. कोणती दिंडी कोठलीही असो, सकाळी अमुक आणि दुपारी अमुक हे सर्वांना पाठ असते. त्यामुळे कोल्हापूरचा माणूस मराठवाड्याच्या दिंडीत उभा राहिला तरी त्याचा आवाज त्यांच्या आवाजात मिसळतो. अक्षरओळख नसलेल्या लाखो लोकांना या मालिकेने संतवाणी तोंडपाठ करविली. शाळेचे काम रस्त्याने केले, असे म्हटले तरी चालेल.

समाज आरती

दिवसभराची चाल संपून पालखी तळावर पोचली, की समाज आरती होते. सोहळ्यातील सर्वांत शहाणी गोष्ट कोणती असे विचारले, तर जाणते वारकरी या समाज आरतीकडे बोट दाखवतील.

सर्व दिंड्या पालखीभोवती रिंगण धरून उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार आपला दंड वर करतात, आणि क्षणात सारा तळ शांत होतो. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी आपले टाळ थांबवीत नाही. शांततेत तेवढाच आवाज ऐकू येतो. चोपदार तिकडे जातात, तक्रार समजून घेतात आणि तिचा निवाडा करतात. कोणी दुसऱ्याची जागा घेतली असेल, कोणाला पाणी मिळाले नसेल, कोणाचा अवमान झाला असेल, ते तेथेच मिटते. त्यानंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहिती सांगितली जाते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ जाहीर होते, आणि मग माउलींची आरती होते.

म्हणजे तक्रार आधी आणि आरती नंतर. आजचे भांडण उद्याच्या मजलेवर न्यायचे नाही. पूर्वीची एकत्र पालखी मानपानाच्या वादात सापडली, हे ज्यांच्या डोळ्यांसमोर होते त्यांच्या सोहळ्यात ही रीत रुजली, यात नवल नाही. वाद होणारच, हे धरून चालायचे. तो दाबून ठेवायचा नाही आणि वाढूही द्यायचा नाही. लहानात लहान दिंडीलाही टाळ वाजवत राहून सारा तळ थांबवता येतो, एवढा मान सामान्य वारकऱ्याला या व्यवस्थेने दिला.

पायरी

हैबतबाबांना स्वतःच्या सोहळ्याबरोबर फार वर्षे चालावयास मिळाले नाही. इ. स. १८३६ मध्ये आळंदी येथे त्यांनी देह ठेवला. चार-पाच वाऱ्या, एवढाच काय तो काळ. त्यावरच पुढील जवळजवळ दोनशे वर्षांची इमारत उभी आहे.

देह ठेवण्यापूर्वी बाबांची एकच इच्छा होती असे परंपरा सांगते. माउलींच्या दर्शनाला येणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ आपल्या मस्तकी लागावी. त्याप्रमाणे आळंदीच्या मंदिराच्या महाद्वारात, पहिल्या पायरीपाशी त्यांची समाधी झाली. ती हैबतबाबांची पायरी म्हणून ओळखली जाते. पंढरपूरला नामदेव महाराजांची पायरी आहे, तशी आळंदीला ही पायरी. ज्याने एवढ्या जनसमुदायाला चालायला शिकवले, त्याने स्वतःसाठी मठ मागितला नाही, गादी मागितली नाही. मागितली ती सर्वांच्या पायाखालची जागा.

परंतु संप्रदायाने त्यांचा मान राखला. कार्तिकीच्या आळंदी यात्रेचा प्रारंभ कार्तिक वद्य अष्टमीला हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने होतो. आषाढीच्या पालखी सोहळ्यात त्यांच्या घराण्यातील आरफळकर मंडळी सेवेचा वारसा चालवीत आहेत.

काळ बदलला. खांद्यावरून जाणारी पालखी पुढे रथात बसली. बैलगाड्यांच्या जागी ट्रक आणि पाण्याचे टँकर आले. दिंड्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. इ. स. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही. त्या दोन्ही वर्षी माउलींच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस. टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. लाखो वारकरी घरी राहिले. त्यांनी दुःख केले, पण हट्ट केला नाही. पुढील वर्षी पायी वारी सुरू झाली, तेव्हा प्रत्येक दिंडी आपल्या जुन्या जागी उभी होती.

आपण काय घ्यावे

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. आपल्या दिंड्या ज्या बोरघाटातून वर जातात, त्या घाटातील गाडीरस्ता इ. स. १८३० मध्ये खुला झाला. म्हणजे घाटातील तो रस्ता आणि हैबतबाबांचा पालखी सोहळा हे जवळजवळ एका वयाचे. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणीसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे मंदिर आहे. वाटसरूच्या पाण्याची काळजी घेणे ही आपल्या मुलखाची जुनीच रीत आहे.

कार्तिक शुद्ध एकादशीला साजगावच्या विठोबाचे दर्शन घ्यावे, आणि वद्य अष्टमीला बाबांच्या पायरीची पूजा होते ते ध्यानात ठेवून मागे मोजत यावे. मध्ये बारा दिवस मिळतात. मोहोपाडा ते आळंदी ही तीन-चार दिवसांची वाट. शेतातील झोडणी उरकून, यात्रेच्या बाजारातून लागेल ते घेऊन, पौर्णिमेनंतर निघाले तरी वेळ पुरतो. पौर्णिमेनंतरही साजगावची गर्दी पुरती ओसरलेली नसते. तेव्हा खोपोलीचा भाग पहाटे लवकर ओलांडावा, घाट उन्हे तापण्यापूर्वी चढावा, आणि दिंडीतील सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलावर बाकीच्यांनी आपले पाऊल बसवावे. रोज मुक्कामाला पोचल्यावर आरतीपूर्वी दोन घटका बसून कोणाचे काही म्हणणे असल्यास ऐकून घ्यावे. एवढे केले म्हणजे हैबतबाबांची रीत पाळल्यासारखे होईल.

मंदिराच्या कामालाही तीच रीत लागू पडते. कोणी पैसा देतो, कोणी वाळू-विटा देतो, कोणी चार दिवस अंगमेहनत करतो. शितोळे सरकारांसारखा दाता लाभावा, वासकर-शेळक्यांसारखे सहकारी लाभावेत, आणि आपला मान विसरून काम करणारी माणसे निघावीत, म्हणजे काम अडत नाही. कळस दुरून दिसतो आणि लोक त्याला हात जोडतात. पण देवापर्यंत जायचे तर पाय पायरीवरच ठेवावा लागतो. आळंदीच्या महाद्वारातील त्या पायरीवर दरवर्षी लाखो पावले पडतात, आणि प्रत्येक वारकरी तेथे क्षणभर वाकून मगच आत जातो.

अशा या थोर भक्ताच्या स्मृतीस मोहोपाडा पंचक्रोशीतील समस्त भाविकांचे विनम्र अभिवादन.

॥ श्री ज्ञानदेव तुकाराम ॥